राउटरमधले शरदराव

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता इंदुरात सुभेदारांच्या हॉलमध्ये बावीस माणसं आणि सव्वीस मोबाइल होते, आणि सगळ्या मोबाइलांवर शरदराव दिसत होते.

शरदराव सुभेदारांना जाऊन पाच महिने झाले होते. तरी वायफायच्या यादीत, सगळ्यांत वरच्या ओळीत, चार काड्यांनिशी ठसठशीत लिहून आलं होतं: ‘शरदराव’.

“दिसले! मला दिसले!” शेजारच्या प्रेमलताकाकू शरदरावांच्या पत्नीकडे वळून ओरडल्या. “बेबीवहिनी, फुल सिग्नल आहे हो!”

“माझ्याकडे दोनच काड्या आहेत,” कोपऱ्यातून एक हिरमुसला आवाज आला.

“श्रद्धा कम पडली भिया,” दुसऱ्या कोपऱ्यातून निदान झालं.

शोकेसवर जुना राउटर होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, एका अँटेनाला झेंडूची माळ होती आणि दुसरीत उदबत्ती खोचलेली होती. त्याच्यासमोर पाटावर जवळच्या बेटमा गावचे रघुवीर महाराज बसले होते. संन्यास घेण्यापूर्वी ते धार रोडवर डिशच्या छत्र्या बसवत असत. आकाशातलं खाली आणण्याचा अनुभव त्यांना जुनाच होता. उजवा हात जपमाळेच्या पिशवीत, गोमुखीत, डावा आशीर्वादासाठी मोकळा.

“शरीर म्हणजे हार्डवेअर,” महाराज म्हणाले, “और आत्मा म्हणजे फर्मवेअर! डबा बदलता येतो, आतला बदलता येत नाही. बाबूजींची वासना राहिली, म्हणून ते ह्या जुन्या फर्मवेअरमध्ये अटकले आहेत. नवा राउटर लावला असता ना, तर समझो बाबूजींचा दुसरा मृत्यू झाला असता!”

हॉलभर उसासा फिरला आणि सगळ्यांनी दारापाशी उभ्या असलेल्या अस्मिताकडे पाहिलं. नवा राउटर तिनंच मागवला होता. तो तीन आठवडे खोक्यात पडून होता. आता तिच्याकडे सासऱ्यांना दुसऱ्यांदा मारायला निघालेली सून म्हणून पाहिलं जात होतं. अस्मितानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा एकोणीस. अजून एकवीस मिनिटं.

अस्मिता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्यांना नम्रपणे कळवायच्या, हा तिचा पेशा. सासरी यातला पहिला अर्धा भाग ती मनातल्या मनात करी.

प्रकरण सुरू झालं ते शरदरावांच्या तेराव्याला. नैवेद्याचं ताट ठेवलं आणि घरातलं नेट गेलं. बरोबर पाऊण तासानं आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. मग काही दिवसांनी वेळ बदलली. कधी भरदुपारी, कधी संध्याकाळी, एकदा आठवडाभर नेमकी सकाळी अकराला, म्हणजे अस्मिताच्या क्लाएंटच्या मीटिंगमध्ये. पण जाई ते पाऊण तासच, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. नेटवाल्याचा माणूस दोनदा येऊन “लाइन तर ओके आहे मॅडम” म्हणून गेला. जी गोष्ट लाइनमध्ये नाही ती आत्म्यात असणार, हे प्रेमलताकाकूंनी ठरवलं आणि महाराजांना आणलं.

तेव्हापासून नेट गेलं की सासूबाई हातातलं काम टाकून राउटरसमोर बसत. जेवताना गेलं तर ताटावरून उठत. “ते आलेत ग,” एवढंच म्हणत. त्यांचे ब्लाउज सैल व्हायला लागले होते.

आणि आज त्या पाटल्या द्यायला निघाल्या होत्या. शरदरावांनी लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी केलेल्या पाटल्या. महाराजांच्या मते त्यांत शरदरावांचा जीव अडकला होता. तो बेटम्याला नेऊन सोडवावा लागणार होता. राउटरसकट.

“आईची समजूत पटत असेल तर बघू ना,” नवरा अभिराम म्हणाला होता. अभिराम नव्या राउटरमध्ये कंपनीचंच फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, ठेवावं की लोकांनी मिळून केलेलं फुकटचं घालावं, यावर तीन आठवडे व्हिडिओ पाहत होता आणि तिथेही त्याचं मत “बघू ना” असंच होतं.

अस्मितानं वाद घातला नव्हता. शनिवारी तिनं फक्त सासूबाईंकडे वही मागितली होती.

शरदराव पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले होते. पणजोबा होळकरांच्या फौजेत, आजोबा दप्तरात. तलवारीची जागा पेन्सिलीनं घेतली, पण शिस्त तीच. लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली, हे ते रोज वहीत लिहीत. वीज कंपनीला पुराव्यानिशी पत्र पाठवायचं होतं. एकोणीस वर्षं पुरावाच गोळा होत राहिला. ते गेल्यावर सासूबाईंनी वही पुढे चालवली, पूजेसारखी, एक दिवस न चुकवता.

अस्मितानं एका बाजूला वही ठेवली, दुसऱ्या बाजूला नेट गेल्याच्या वेळांची आपली यादी. बारा तारखेला लाइट सकाळी सहाला आली, नेट रात्री साडेआठला गेलं. सव्वीसला लाइट रात्री साडेआठला आली, नेट दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. मधे चार दिवस आत्मा शांत होता असं महाराज म्हणाले होते. त्या दिवसांत लाइट दुपारी एकला आली होती. तिनं गणित केलं. म्हणजे नेट पहाटे साडेतीनला जात होतं. आत्मा येत होता, घर घोरत होतं.

प्रत्येक वेळी लाइट आल्यापासून साडेचौदा तास. का, ते तिला कळलं नव्हतं. पण काल रात्री लाइट नऊ वाजून दहा मिनिटांनी आली होती, हे वहीत होतं.

अकरा पंचवीस.

“विचारा माताजी,” महाराज म्हणाले. “बाबूजी ऑनलाइन आहेत.”

सासूबाई पुढे सरकल्या. डोळे भरलेले. “अहो... जेवलात का?”

महाराजांनी मान खाली घातली आणि गोमुखीत पाहत अंतर्मुख झाले. गोमुखीच्या तोंडातून मंद निळसर उजेड बाहेर आला.

“तेज!” प्रेमलताकाकू पुटपुटल्या.

मिनिटभरानं सव्वीस मोबाइलांवर ‘शरदराव’ जाऊन ‘हां बेबी’ आलं. हॉल गहिवरला. सासूबाईंच्या कपाळावर मात्र बारीक आठी उमटली. “बेबी म्हणाले? यांनी जन्मात कधी मला बेबी म्हटलं नाही.”

“वरती सब हिंदी में चलता है, वहिनी,” गर्दीतून कुणी म्हणालं.

“विचारा, पुढचं विचारा!” महाराज घाईनं म्हणाले. “काय हवंय बाबूजींना?”

पुन्हा अंतर्मुख. पुन्हा तेज. ‘कंगन दो’.

हयातीत पाण्याच्या पाइपावर पाऊण तास बोलणारे शरदराव आता दोन शब्दांवर आले होते. वायफायच्या नावात देवनागरीची दहाएक अक्षरंच मावतात, ही मृत्यूची एक वेगळीच मर्यादा अस्मिताला माहीत होती.

सासूबाईंनी हातातून पाटल्या उतरवल्या. एक चटकन आली, दुसरीला वेळ लागला. अस्मिता पुढे झाली होती, पण घड्याळाकडे पाहून थांबली. पाटल्या ताम्हनात पडल्या. महाराजांनी राउटरवर विभूती फुंकली, ती बहुतेक त्याच्या भोकांतून आत गेली.

“मुक्त झाले! माताजी, बाबूजी गेले! आजपासून ह्या घरातलं नेट जाणार नाही. ये मेरा वचन है!”

अकरा अडतीस.

“महाराज,” अस्मितानं नम्रपणे विचारलं, “एकदासुद्धा नाही?”

“त्रिकाल में नहीं, बेटी.”

“मग पोहे घ्या. गरम आहेत.”

तिनं हातावर प्लेट ठेवली, पोहे, वर शेव, बाजूला दोन जिलब्या. इंदुरात ह्या प्लेटीला नाही म्हणण्याइतकं वैराग्य कुणाला आलेलं नाही. महाराजांनी उजवा हात गोमुखीतून काढला. अस्मितानं गोमुखी दोन्ही हातांवर अलगद उचलली.

“उष्ट्या हाताजवळ नको. सोवळ्यात ठेवते,” असं म्हणून तिनं ती लोखंडी कपाटात ठेवली आणि दार ओढून घेतलं.

महाराजांच्या घशात जिलबी थांबली.

अकरा चाळीस. राउटरवरचा वायफायचा हिरवा दिवा विझला.

“गेलं!” अभिराम म्हणाला. “नेट गेलं!”

“कसं जाईल? मुक्त झालेत ना ते?”

“दोन मिनिटांपूर्वी तर झाले!”

“बारा पंचवीसला येईल,” अस्मिता म्हणाली. “काळजी नको. पण काकू, जरा मोबाइल बघा. कंगनवाले बाबा कितीवर आहेत?”

प्रेमलताकाकूंनी यादी ताजी केली. “अगो बाई, गायब!”

“माझ्याकडे एकच काडी.”

अस्मितानं कपाट उघडलं. “आता?”

“आले! चार काड्या!”

कपाट मिटलं. “आता?”

“गेले.”

तिनं हे चार वेळा केलं. चौथ्यांदा हॉलमधली पोरं खिदळायला लागली, कारण कपाट उघडलं की बाबा आणि मिटलं की बाय, असा तो खेळ झाला होता. मग तिनं गोमुखीतून चोपन्न मण्यांची माळ काढली आणि माळेखालून एक मोबाइल काढला. हॉटस्पॉट चालू होता. नावाच्या रकान्यात ‘कंगन दो’ लिहिलेलं होतं.

“हॉटस्पॉटला हवं ते नाव देता येतं,” ती म्हणाली. “मी देऊ? एका मिनिटात तुमच्याही घरचं कुणी आणते.”

“मोबाइल जप के लिए है,” महाराज म्हणाले. “काउंटर ॲप...”

“अरे काय बोलून राहिले तुम्ही!” प्रेमलताकाकू कडाडल्या. आपणच आणलेला महाराज असल्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांत वर होता. “त्या पाटल्या ठेवा आधी खाली!” कारण ताम्हन एव्हाना महाराजांच्या मांडीवर पोचलं होतं.

पाटल्या खाली आल्या. महाराज पोहे अर्धवट टाकून उठले. मोबाइल मिळाला, माळही मिळाली. मागोमाग अर्धा हॉल त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेला आणि त्यांना जे ऐकवलं गेलं त्यात मंत्र नव्हते.

सासूबाई मात्र उठल्या नाहीत. विझलेल्या दिव्याकडे बघत होत्या.

“तो लबाड होता, मान्य,” त्या हळूच म्हणाल्या. “पण नेट तर खरंच जातं ना ग? मोबाइल तर तो घेऊन गेला. मग आता हे कोण करतंय?”

अस्मिताला ह्याच प्रश्नाची भीती होती. लबाड माणसाला कपाटात घालता येतं. हे उत्तर मात्र राउटरच्या आत होतं आणि राउटरला हात लावू दिला जात नव्हता.

“आई, आत बघू? वायर जोडून. बंद नाही करत. पण पासवर्ड बाबांनाच माहीत होता.”

“मला माहीत आहे. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलाय. मला कुणी विचारलंच नाही.”

पासवर्ड होता ‘सरकार’, इंग्रजी अक्षरांत. शरदराव बायकोला एकांतात काय म्हणत, हे घराला त्या दिवशी कळलं.

लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. कोपऱ्यात त्याचं घड्याळ होतं. अभिरामनं वाचलं आणि पुन्हा वाचलं. “एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. रात्रीचे आठ वाजून सोळा मिनिटं.”

“हं!” अस्मिता खुर्चीत मागे टेकली. “आई, ह्या डब्यात सेल नाही. लाइट गेली की हा वेळ विसरतो. लाइट आली की त्याच्या लेखी सत्तर सालची पहाट, साडेपाच वाजलेले; अशा यंत्रांचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. पूर्वी तो लगेच राउटरच्या कंपनीच्या कंप्युटरला खरी वेळ विचारून घ्यायचा. बाबा गेले त्याच सुमारास कंपनीनं दुकान गुंडाळलं. विचारायचं कुणाला? आणि दुसऱ्या कुणाला विचारायची अक्कल ह्याच्या फर्मवेअरमध्ये नाही.”

“पण पहाटे साडेपाचचा आणि नेटचा काय संबंध?”

“साडेपाच अधिक साडेचौदा.”

“रात्रीचे आठ,” सासूबाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांच्या वहीनं त्यांना तासांचं गणित शिकवलं होतं. “आठला तर नेट जायचंच पूर्वी. रोज. ते म्हणायचे, साऱ्या इंदुरावर लोड येतो. चला, तोवर जेवून घेऊ.”

अस्मितानं ‘टाइमटेबल’वर क्लिक केलं. एकच ओळ होती. वायफाय बंद, रोज, आठ ते पावणेनऊ. समोर नियमाचं नाव द्यायला जागा होती आणि शरदराव कुठलाही रकाना रिकामा सोडत नसत. तिथे त्यांनी लिहिलं होतं: ‘जेवण’.

सासूबाईंनी ती ओळ बोट ठेवून वाचली.

“सहा वर्षं!” सासूबाई एकदम म्हणाल्या. “सहा वर्षं मला फसवलं! मी मेली भाजीवालीलासुद्धा सांगत होते, आठला लोड येतो म्हणून!” आणि पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. मग दोन्ही पाटल्या हातात चढवल्या आणि पोह्यांची प्लेट मागितली. शेव जास्त.

त्याच संध्याकाळी नवा राउटर लागला. अभिरामची निवड अस्मितानं दोन मिनिटांत करून टाकली. लोकांनी मिळून केलेलं फर्मवेअर. एक कंपनी उठून गेली तरी ते चालवणारे राहतात, आणि वेळ कुणाला विचारायची ते आपण ठरवतो. जुना डबा माळ काढून भंगारात गेला. सासूबाईंनी तो स्वतः दिला.

ही गोष्ट सांगायची एवढ्याचसाठी, की असे डबे घरोघरी असतात. काही दिवे लुकलुकणारे, काही माणसांच्या रूपातले. त्यांतून अचानक कुणी बोलायला लागलं, तर हात जोडण्यापूर्वी एक साधी वही आणावी आणि वेळ लिहावी. आज किती वाजता झालं, काल किती वाजता, त्याआधी काय घडलं होतं. महिनाभर लिहावं, मग पुढची वेळ आधी सांगून बघावी. सांगता आली तर तो चमत्कार नाही, कारण आहे. आणि महिना संपण्यापूर्वी जो पाटल्या मागतो, त्याला कपाट दाखवावं. गेलेल्या माणसावर प्रेम करायला महाराज लागत नाहीत. त्याचं अक्षर नीट वाचलं तरी पुरतं.

नव्या राउटरवर आठ ते पावणेनऊची ओळ सासूबाईंनी अस्मिताकडून पुन्हा लिहवून घेतली. “नाव तेच ठेव,” म्हणाल्या.

आठ वाजले. दिवा विझला. तीन पानं मांडली होती. इतक्यात गॅलरीतून आवाज आला. सुभेदारांच्या वायफायवर प्रेमलताकाकूंचंही घर चालत असे.

“बेबीवहिनी! नेट गेलं का हो पुन्हा?”

“गेलं नाही,” सासूबाई आतूनच ओरडल्या. “आम्ही घालवलं. जेवून घ्या!”