सतरावा नंबर

रत्नागिरी शहर संपून जिथे कातळ सुरू होतो, तिथल्या त्या हायस्कूलच्या फाटकावर एक भलामोठा निळा फलक होता. तांत्रिक विभाग, एन.सी.सी., गाइड, स्कॉलरशिपचे जादा वर्ग, बॅण्डपथक, विज्ञान मंडळ. बावीसशे पोरांच्या शाळेला शोभेल एवढी ती यादी लांबलचक होती. फलकावर न लिहिलेला कार्यक्रम एकच, आणि शहाऐंशी सालच्या ऑगस्टात नेमका तोच जोरात चालला होता. मुख्याध्यापक रेडीज सरांनी त्याचं बारसंही केलं होतं. 'निकाल सुधार.'

जूनमध्ये शाळेचा दहावीचा निकाल अठ्ठ्याहत्तर टक्के लागला आणि गावातल्या दुसऱ्या शाळेचा एक्क्याण्णव. संस्थेच्या मंडळींनी रेडीज सरांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यावर सरांनी जो उपाय काढला, त्यात शिकवायची भानगडच नव्हती. जी पोरं नापास होतीलशी वाटतात, ती आपल्या शाळेची नाहीतच असं करून टाकायचं. हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा, बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा आणि बाहेरून परीक्षेला बसवायचं. मग पोर बुडालं काय नि तरलं काय, शाळेचा टक्का शाबूत.

हे करायचं होतं दहावी 'ह'च्या वर्गशिक्षकाने, म्हणजे महिपत सुर्व्यांनी. 'ह' ही शेवटची तुकडी. 'अ'च्या खिडक्यांना काचा होत्या, 'ह'च्या खिडक्यांना गोणपाट. सुर्वे स्वतः अशाच एका शेवटच्या तुकडीतून वर आलेले. त्यामुळे यादी हातात पडली तेव्हा त्यांना आपलंच नाव वाचल्यासारखं वाटलं. पण नोकरीत कायम झाल्याचा त्यांचा कागद अजून रेडीज सरांच्या कपाटातच होता. त्यांनी शाईचा पॅड उघडला.

यादीत एकतीस नावं होती. इंग्रजी किंवा गणितात ज्याचे गुण कमी, त्याचं नाव यादीत, बाकीच्या विषयांत त्याने काय दिवे लावलेत ते बघायचं नाही. दोन दिवसांत तीस आया येऊन गेल्या. बाप बहुतेकांचे मुंबईला. आयांना लिहिता येत नव्हतं, म्हणून सुर्वे एकेकीचा अंगठा धरायचे, पॅडवर टेकवायचे, कागदावर उठवायचे. पहिलीच आली ती सखू पाष्टेची आई. तिने काही विचारलं नाही. मास्तर सांगतात तर बरंच असणार, एवढाच तिचा हिशोब. सुर्व्यांनाही कुणी काही विचारलं नाही याचंच बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची किळसही आली.

एकतिसावं नाव गंगा घवाळीचं. लांज्याच्या वाटेवरच्या एका वाडीतून ती रोज एस.टी.ने यायची. एस.टी.चा पास शाळेच्या शिक्क्यावर मिळतो. शाळा सुटली की पास सुटला आणि पास सुटला की रत्नागिरी सुटली. मग घरी बसून कसला अभ्यास! तिची मोठी बहीण राही लांज्याला काजू सोलायला जात होती. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली ती पोर सुर्व्यांनी एकदा स्टँडवर पाहिली होती. दाखल्यावर अंगठा उठला की गंगाही तिच्या शेजारी जाऊन बसणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गंगाची आई कमळाबाई आली. नवं लुगडं नेसून आली होती. गंगा दाराबाहेरच थांबली. कमळाबाईने आल्या आल्या फडक्यात बांधलेली फणसपोळी टेबलावर ठेवली आणि सुर्व्यांच्या पायाला हात लावायला वाकली.

"आवो, हे काय करताय?" सुर्वे खुर्ची मागे सारून उठले.

"राहू दे सर. तुमीच तर शिकवलात तिला," ती म्हणाली. "पोरीनं सांगलान, सर सतरा नंबर बोल्ले म्हणून. येवढी मोठी शाळा, दोन हजार पोरं, नि त्यात माजी गंगा सतरावी. वाडीत साकर वाटलंय मी. तिच्या बापाला पण पत्र धाडलाय."

सुर्व्यांना क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि तोंडचं पाणीच पळालं. बाईने फॉर्मच्या नंबराला पोरीचा नंबर समजून वाडीभर साखर वाटली होती.

तेवढ्यात रेडीज सर आत आले. फणसपोळीचा वास त्यांच्या नाकाने बरोबर टिपला. "वा, घरची दिसते," म्हणत त्यांनी मोठासा तुकडा मोडून तोंडात टाकला. "काय सुर्वे, ही शेवटची ना? आटपा लवकर. कारकून थांबलाय." कमळाबाईने त्यांना हात जोडले. बोटं रुमालाला पुसत ते गेले. शिक्षकी पेशात आल्यापासून सुर्व्यांना माणसाच्या चघळण्याचा इतका तिटकारा कधी आला नव्हता.

त्यांनी कागद पुढे ओढला. कमळाबाईने आपण होऊन अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर न्यायच्या आधी हसून म्हणाली, "सर, काय लिवलाय ते वाचून दाखवा की. वाडीत सांगीन."

दोन दिवसांत तीस जणींपैकी एकीनेही हे मागितलं नव्हतं.

सुर्वे वाचू लागले. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. शाळा सोडल्याची तारीख वाचली तेव्हा त्यांची जीभ अडखळली, कारण ती मागची, जूनची घातलेली होती. "शाळा सोडण्याचं कारण," त्यांनी वाचलं, "घरगुती अडचण."

कमळाबाईचा अंगठा हवेतच राहिला.

"आमच्या घरात काय अडचण नाय, सर," ती म्हणाली. "नि शाळा कोन सोडतोय? जूनापासून तर ती रोज येतेय. तुमीच हजेरी घेता नव्हं?"

ती चिडली नव्हती. तिला वाटलं, कारकुनाने दुसऱ्याच कुणाचा तरी कागद दिला.  इतके दिवस सुर्वे रेडीज सरांना मनात शिव्या घालत होते. पण फणसपोळी ज्याच्या पुढ्यात ठेवली तो काही रेडीज नव्हता.

"कमळाबाई, अंगठा देऊ नका," ते म्हणाले.  "सतरा नंबर हा बाहेरून परीक्षेला बसायच्या फॉर्मचा आहे, गंगाचा नाही. तिचं नाव शाळेतून काढायला हा कागद केलाय. तुम्ही अंगठा दिला नाहीत तर कुणाला तिला काढता येणार नाही. ती इथेच शिकेल, इथूनच परीक्षेला बसेल."

 अंगठ्याची शाई बाईने नव्या लुगड्याला पुसली, तिकडे लक्षही नव्हतं. वाडीत वाटलेली साखर तिच्या डोळ्यांपुढे आली असावी. शेवटी तिने विचारलं, "मंग माजी पोर आली कितवी?"

 'ह' तुकडीत नंबर काढायची पद्धतच नव्हती. शेवटच्या तुकडीत पहिलं कोण नि दुसरं कोण, कुणाला पडलंय! सुर्व्यांनी खणातून चाचणीची गुणपत्रिका काढली आणि सगळ्यांची बेरीज करून नावांपुढे नंबर घालायला बसले. बाई उभीच राहिली. दहा मिनिटं लागली.

"अकरावी," ते म्हणाले. "बेचाळीस मुलांत अकरावी. इंग्रजीत चार गुण कमी पडलेत. ते मी करून घेईन."

कमळाबाईचा चेहरा हळूहळू उजळला. "मंग सतराच्या वरच की," ती म्हणाली आणि पोरीला सांगायला लगबगीने बाहेर गेली.

सुर्व्यांनी एकतिसावा दाखला फाडला. रेडीज सर आता आपला कायम झाल्याचा कागद अडवतील, अडवू देत, असं म्हणताना त्यांना पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं. मान वर केली तर दारात गंगा उभी. आई मागे व्हरांड्यात पदर सारखा करत होती.

गंगा आनंदलेली दिसत नव्हती. सतरा नंबर म्हणजे काय, ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईला सांगायचा धीर झाला नव्हता, एवढंच. ती टेबलापाशी आली आणि उघड्या गुणपत्रिकेवरच्या एका नावावर तिने बोट ठेवलं.

"सर, ही सखू माज्या वर हाय," ती हळूच म्हणाली. "पाचवी. तिच्या आयेला कधी सांगणार?"

सखूचा दाखला टेबलाच्या कडेला, आलेल्या क्रमाने लावलेल्या तिसांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर पडला होता. त्यावर तिच्या आईचा अंगठा स्वच्छ, ठसठशीत उठला होता. सुर्व्यांनी तो स्वतः धरून उठवला होता.