पुस्तकात मी नाही

पान एकशे बारापर्यंत आलो, तरी मी काही सापडलो नाही.

“अहो, पुस्तक वाचताय का झडती घेताय?” चंद्रभागेनं आतून विचारलं.

बत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी? खडकीच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात गेटवर होतो. आत जाणाऱ्याकडे काडेपेटी नाही ना, बाहेर येणाऱ्यानं काही उचललं नाही ना, एवढंच बघायचं. पण आजची झडती जिवावर आली होती. कादंबरी आम्रपालीची, आमच्याच कारखान्यातल्या ज्ञानदेवच्या मुलीची. क्वार्टरमध्ये आमची दारं समोरासमोर होती. आता ही पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात, नवव्या मजल्यावर राहते, लिहिते मात्र खडकीच. आमचा भोंगा, नळावरची भांडणं, पंपवाला दत्तोबा, सगळं आहे. परवा विहारात तिचा सत्कार झाला, तर दत्तोबा पान चाळीस उघडून गावभर मिरवत होता, “मीच तो, मीच!”

आणि मी? गेटवरचा माणूस लिहायचा राहतो कसा? माझ्यासाठी वेगळं पुस्तक राखून ठेवलं असणार बयेनं. उगाच नाही ती फोन करून आज घरी येत होती.

आली. पाया पडली. बसली. मोबाईल टेबलावर ठेवला.

“रेकॉर्डिंग चालू आहे का?” मी विचारलं.

“काका, मी चहाला आलेय.”

“तसं सगळेच म्हणतात.”

तिनं मोबाईल बंद करून माझ्यासमोर सरकवला. मग मीही आडपडदा ठेवला नाही. “सगळी कॉलनी घेतलीस. मला का वगळलंस? त्या दिवसाचा राग ना?”

“म्हणजे आठवतो तुम्हाला.”

न आठवायला काय झालं! आम्रपाली चौथीत पहिली आली होती. निकाल दाखवायला धावत गेटवर आलेली. पाळी सुटली, ज्ञानदेव बाहेर आला. मी त्याला बाजूला घेतलं. बूट काढायला लावले, खिसे उलटे केले, शर्ट उतरवला. “सुखदेव, पोरगी बघतेय रे,” तो म्हणाला. मी थांबलो नाही. काहीच सापडलं नाही. बनियनवर उभा असलेल्या बापाकडे बघत ती निकाल धरून तशीच उभी होती. त्यानंतर ज्ञानदेव माझ्याशी बोलला नाही.

“सात वेळा लिहायला बसले तुमच्यावर,” आम्रपाली म्हणाली. “दर वेळी तुम्ही दुष्टच निघता. आणि मला ते पटत नाही. माझा मुडदूस झालेला भाऊ तुमच्या खांद्यावर बसून दवाखान्यात जायचा, काका. तुम्ही तसं का केलंत, तेच मला माहीत नाही. खडकीचं सगळं लिहिता येतं, ते गेट येत नाही.”

मला अजून संशय होता. हिला गोष्ट हवी, मी नको. पण आयुष्यभर मीच प्रश्न विचारले, उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं.

“तो आपला होता म्हणून,” मी म्हणालो. “साहेब मागे उभा होता. आधीच कुजबुज होती, सुखदेव आपल्या समाजाच्या माणसांना सोडतो. इतरांचे मी नुसते खिसे चाचपायचो. आपला आला की दुप्पट झडती. त्या दिवशी तुझा बाप पुढ्यात आला. चोर नाही हे मला ठाऊक होतं, गं. मला माझी नोकरी प्यारी होती.”

चंद्रभागा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

“हे बाबांना सांगितलंत कधी?”

“नाही.”

“ते शेवटपर्यंत म्हणायचे, सुखदेवला मी खरंच चोर वाटलो.”

मला वर बघवेना.

“त्यांना एवढंच सांगायचं होतं ना, काका?”

“एवढंच,” मी म्हणालो. “त्यानंतरही अठरा वर्षं समोर राहत होता. दार उघडंच असायचं त्याचं.”