आवणीचे चार दिवस आणि लाल फुल्या

मित्रांनो, मी एक जुनी हजेरीवही आहे, सन १९६४ची. कामशेतजवळच्या एका कौलांच्या कारखान्यात माझी सारी नोकरी झाली. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, आणि तोरा विचाराल तर साहेबांपेक्षा मोठा. रोज सकाळी सगळे माझ्यापुढे येऊन उभे राहत, मग तोरा येणारच की!

मुकादम कोंडाजी माझ्यात हजेरी मांडायचा. कामावर आला तर निळी रेघ, सांगून रजा घेतली तर ‘र’, न सांगता राहिला तर लाल फुली.

त्या आषाढात भाताची आवणी आली आणि पस्तीस माणसं चार दिवस शेतात रोपं लावायला गेली. पुढे कौलांचं गिऱ्हाईक घटलं. साहेब म्हणाले, लाल फुल्यावाले कमी करा. नऊ जण निघाले. वडिवळ्याच्या वरच्या वाडीतली सावित्राबाई त्यांतलीच. दोन लेकरं आणि आंधळी सासू तिच्या कामावर जगत होती.

ती थेट ऑफिसात आली. म्हणाली, “आवणीला समदेच गेलतो. मंग वाडीचीच मानसं कशी निघाली?”

“वहीत आहे तेच केलं,” साहेब म्हणाले. मी खुशीत फुगले. आता सांगायला लाज वाटते.

कारकून हौशीरामला मात्र राहवलं नाही. त्याने माझ्यातले गावचे वेगळे आणि वाडीचे वेगळे मोजले. आवणीला गेलेले गावचे सत्तावीस, त्यांतला काढला एक. वाडीचे आठ, ते आठही काढले. दिवस तेच, कामही तेच. साहेबांनी स्वतः दोनदा मोजून पाहिलं.

मग कोंडाजीला बोलावलं. तो काही लबाड नव्हता हो. “गावचे एक सोडून समदे सांजच्याला माझ्या ओट्यावर येऊन सांगून गेले,” तो म्हणाला. “वाडीचं कुनी फिरकलंच न्हाई.”

“तुमच्या ओट्यावर आमाला कुनी कधी चढू दिलंय का, भाऊ?” सावित्राबाईने विचारलं.

साहेबांनी नऊही जणांना परत घेतलं. काम कमी होतं, म्हणून आठवड्यातला एक दिवस सगळ्यांनीच घरी राहायचं ठरलं. रजा यापुढे कारखान्याच्या फाटकावरच सांगायची, असा नियमही झाला.

आता मी कपाटात असते. थोडी कसर लागली आहे, पण मजेत आहे. आम्हा वह्यांना वाळवीपासून जपा, मित्रांनो, पण डोळे मिटून आमच्यावर विसंबू नका. कुणाला काढलं ते वाचाल तेव्हा कुणाला ठेवलं तेही मोजा. माझ्यात फक्त ओट्यावर पोचलेल्यांचं म्हणणं होतं, आणि तेवढ्यावर सावित्राबाईची चूल विझणार होती.