रिकाम्या भांड्यावर हिरवा दिवा

मी पोचले तेव्हा दादा बाबांवर तोंडसुख घेत होता. "नाटकं आहेत सगळी! पेला हातात दिला की तिरका करायचा आणि पांघरुणावर सांडायचा. लहान आहात का आता?"

लकव्यात बाबांची वाचा गेली आणि गिळणंही बिघडलं. साधं पाणी प्यायले तर ते फुप्फुसात उतरतं. म्हणून या शुश्रूषाकेंद्रात त्यांना पूड विरघळवून दाट केलेलं पाणी देतात. पूड पुरेशी विरघळली का, ते पाणी ढवळणाऱ्या यंत्रातला सेन्सर पाण्यातून प्रकाश सोडून बघतो आणि हिरवा दिवा लावतो. असले सेन्सर तपासणं हीच माझी नोकरी, त्यामुळे दिव्यावर माझा फारसा भरवसा नाही.

पांघरूण ओलंचिंब होतं. पेल्यात उरलेलं पाणी मी हलवलं. नळाच्या पाण्यासारखं डुचमळलं.

"हे दाट आहे?"

"हिरवा लागल्याशिवाय आम्ही देतच नाही, ताई," दादाशेजारी उभी असलेली मेट्रन म्हणाली. "यंत्र खोटं बोलेल का?"

माझं डोकंच फिरलं. तरातरा स्वयंपाकघरात गेले, ती दोघं मागोमाग. यंत्राचं भांडं सिंकमध्ये उपडं केलं, तसंच परत बसवलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

सेन्सरच्या काचेवर जुन्या पुडीचा थर वाळून बसला होता. पाणी सोडून तो बिचारा त्या थराकडेच बघत होता आणि पूड विरघळायच्या आधीच हिरवा दिवा लावत होता.

"ही काच कोण पुसतं?"

"कोणीच नाही. नाजूक वस्तू आहे, हात लावायचा नाही, असं मीच सगळ्यांना बजावलंय."

"वस्तू नाजूक! आणि माझा बाप काय दगडाचा आहे?" मी ओरडले. "छातीत पाणी भरून मेला असता तो, तुमच्या हिरव्या दिव्याखाली!"

मेट्रन मान खाली घालून काच पुसायला लागली. मी चमच्याने मोजून पूड घातली, विरघळेपर्यंत ढवळत राहिले आणि पेला बाबांना दिला. त्यांनी तो तिरका केला. पाणी सावकाश, जड होऊन काठाकडे सरकलं. तेव्हा कुठे त्यांनी पेला तोंडाला लावला आणि घोट घोट करत संपवला.

दादाचा आवाज खाली आला होता. "बाबा, एकदा सांगायचं तरी."

"ते सांगतच होते," मी म्हणाले. "तू पांघरुणावरून ओरडत होतास."