गोड आवाजाची माणसं पाहिजेत

मी एक हेडफोन. कानांसाठी दोन गाद्या, तोंडाशी वाकलेली दांडी आणि तिच्या टोकाला माईक. माईक माझा, पण बोलायचं दुसऱ्यांनी. माझ्या वाट्याला फक्त ऐकणं आलं. आज मात्र बोलतो, कारण सध्या जे कानावर पडतंय ते ऐकून गप्प बसवत नाही.

माझा जन्म कुठल्याशा चिनी कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. पुढेमागे माझ्यासारखीच भावंडं पट्ट्यावरून सरकत होती आणि सगळी मुकी होती. जाग आली ती बेटांच्या एका उष्ण देशातल्या इलोइलो शहरात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. खालून पानदेसालचा, गरम पावांचा वास यायचा आणि वर पोरी मला डोक्यावर चढवून दूरदेशच्या लोकांची माफी मागायच्या. न केलेल्या चुकांची इतकी माफी मी दुसरीकडे कुठे ऐकली नसती.

ही कचेरी मनांग एदनाची. वयाने मोठ्या बाईला इथे सगळे मनांग म्हणतात, थोरली बहीण मानून. परदेशातल्या छोट्या दुकानदारांना फोनवर बोलायला माणसं पुरवायची, हा तिचा धंदा. त्यातलाच एक टेड. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे, तिथे तो घरात लावायचे गॅसचे हीटर विकायचा. आमच्याकडे पंख्याखाली घाम गळतो तेव्हा तिकडे थंडीने हाडं गोठतात. टेडला गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला माणूस हवं होतं. आपल्या गावात कुणाला गोड बोलताच येत नाही, अशी त्याची तक्रार होती.

त्याची निवडायची रीत मी जवळून पाहिली. मुलगी मला लावून बसायची, तो पडद्यावर डोळे मिटून ऐकायचा. मग चिडलेल्या गिऱ्हाइकाचं सोंग घ्यायचा आणि वाटेल ते बोलायचा. जिचा आवाज चढला ती बाद. दुसऱ्या बेटावरून आलेल्या एका मुलीने सांगितलं की सर, आधी तुम्ही नीट बोला. तिला खाली जिन्यापर्यंत पोचवायलाही कुणी गेलं नाही.

जोव्हेलिन नोब्लेसाचा आवाज मात्र जागचा हलला नाही. टेड थकला, हसला आणि म्हणाला, "हिचं ऐकून माझाच राग गेला. हीच पाहिजे."

खरं सांगायचं तर यात जोव्हेलिनचं मोठं कौतुक नाही. आमच्या इलोइलोत सगळेच तसे बोलतात. नवराबायको कडाडून भांडत असले तरी भिंतीपलीकडच्याला वाटावं, बाळाला जोजवतायत. बाकीच्या बेटांवरचे लोक त्यावरून आमची टर उडवतात. तिला तर मनांगनेच आणलं होतं. मनांग तिची धर्ममाता, चर्चमध्ये तिच्या बाप्तिस्म्याला उभी राहिलेली. तिला हाक मारायची तीसुद्धा 'इंदाय' म्हणून, घरातल्या लेकीसारखी.

पहिला हिवाळा मजेत गेला. कुणाच्या हीटरचं चाक निखळलेलं, कुणाचं बटण खोक्यातच नाही. मिसेस पास्को नावाची एक एकटी म्हातारी तर काही बिघडलेलं नसतानाही फोन करायची. तिचा पिवळा पक्षी माझ्या कानात शीळ घालायचा. "तुझा आवाज ऐकला की झोप छान लागते गं," ती म्हणायची, आणि जोव्हेलिन लाजून हसायची. मलाही तो फोन आवडायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात टेडने नवा हीटर काढला आणि तक्रारींचा रंग पालटला. कुणी म्हणे डोकं जड होतं, कुणी म्हणे सकाळी उठून घरातले सगळे ओकले. एका माणसाची मांजर हीटरजवळ झोपली ती उठलीच नाही. ते बोलत असताना मागे बारीक हिस्स ऐकू यायचं. माणसं वेगळी, घरं वेगळी, आवाज तोच. जोव्हेलिनचे कान माझ्या गाद्यांखाली गार पडायचे.

तिला कळलं होतं, हीटर घरात विषारी वायू सोडतोय. एका वादळानंतर वीज गेली तेव्हा तिच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने बंद खोलीत जनरेटर लावला होता. सकाळी सगळे झोपल्यासारखेच दिसत होते, हे तिने पाहिलं होतं.

मग तिने मनांगला सांगितलं. सांगितलं म्हणजे कसं? दुपारच्या खाण्याला बाचोयचा, नूडल्सच्या रश्श्याचा वाडगा पुढे घेऊन, चमचा ढवळत ती म्हणाली, "मनांग, लोकांची डोकी जरा दुखतायत म्हणे. नव्या हीटरमुळे असेल का, कोण जाणे." मनांगने भुवया उडवल्या, म्हणजे समजलं. शुक्रवारच्या नेहमीच्या फोनवर टेडशी बोलताना मनांगने त्यावर आणखी साखर पेरली. सगळं छान आहे सर, काही गिऱ्हाइकं थोडी थकलेली वाटतात, तिकडे थंडी फार असेल. टेड म्हणाला, हो ना, यंदा फारच आहे.

वरच्या माणसाच्या हातात वाईट बातमी उघडी ठेवणं इथे असभ्यपणाचं मानतात. दर पायरीला ती थोडी गुंडाळायची. टेडपर्यंत पोचली तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं. मला फार राग आला, पण हेडफोनच्या रागाला कोण विचारतो?

मग मिसेस पास्कोचा पक्षी मेला. म्हातारा झाला होता, असं ती म्हणाली. तिने नवा हीटर घेतला होता, हे जोव्हेलिनला तेव्हाच समजलं.

पुढच्या आठवड्यात, कामाची पाळी संपता संपता, पुन्हा तिचा फोन आला. आमच्याकडे ऊन रणरणत होतं, तिकडे अंधारून आलं होतं. मागून हिस्स आवाज येत होता. तिची जीभ जड झाली होती.

"डोकं फार चढलंय गं आज. जरा आडवी होते. तू बोलत राहा."

"मॅडम, तेवढा हीटर बंद कराल का? आणि खिडकी उघडाल का, प्लीज?"

"किती काळजी करतेस. गारठून मरेन की मी."

"मॅडम, तो हीटर चांगला नाही. प्लीज उठा ना."

"हं," ती म्हणाली. "किती गोड बोलतेस."

जोव्हेलिन बोलत राहिली. बंद करा, उठा, बाहेर जा, सगळं सांगितलं. शब्द अगदी बरोबर होते, पण आवाज अंगाईचा. पलीकडचा श्वास लांब लांब होत गेला. ती जितकी विनवत होती तितकी म्हातारी झोपेत उतरत होती आणि मधली तार मीच होतो. इतकं घाण काम माझ्याकडून कुणी करून घेतलं नव्हतं.

जोव्हेलिनने माईक मुठीत धरला आणि ओरडली. तसा आवाज तिच्या गळ्यात आहे हे तिलाही ठाऊक नसावं.

"ऊठ, म्हातारे! ऊठ आणि बाहेर हो! मरायचंय का तुला?"

कचेरीतले सगळे फोन थबकले. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग थरथरता, पण पुरता जागा झालेला आवाज आला. "कुणाशी बोलतेस तू? लाज नाही वाटत?" पावलं वाजली, दार धाडकन आपटलं. बाई संतापाच्या भरात शेजारणीकडे गाऱ्हाणं सांगायला निघाली होती. जोव्हेलिन मला काढून टेबलावर ठेवत माझ्यावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी टेडकडे तक्रार आली. त्यात हीटरचा शब्दही नव्हता. एका म्हाताऱ्या बाईला 'मरायचंय का' म्हणून विचारलं, एवढंच होतं. टेड पडद्यावर आला, शेजारी मनांग बसली. तो ओरडला नाही, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. असं का केलंस, त्याने विचारलं.

"सर, त्या हीटरमुळे माणसं..." जोव्हेलिनने सुरुवात केली.

मनांगचा चेहरा उतरला. इतके शुक्रवार सगळं छान आहे म्हणून सांगितलं होतं तिने. ती घाईने मध्ये पडली, "तिला म्हणायचंय सर, हीटर जरा जास्तच उबदार आहे."

टेडला हसू आलं. "उबदार असायलाच हवा की."

जोव्हेलिनने मनांगकडे पाहिलं. एका परक्या माणसासमोर धर्ममातेला खोटं पाडायचं होतं, एकच वाक्य बोलून. तिचे ओठ हलले, माझा माईक त्यांच्या अगदी जवळ होता, पण आवाज आला नाही. तिने मला डोक्यावरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. तिची नोकरी गेली. गिऱ्हाइकांचे नंबर सगळे कचेरीच्या कॉम्प्युटरमध्ये. तिला घरून कुणालाही फोन करता येणार नव्हता.

पुन्हा मुली बोलावल्या गेल्या. टेडने पुन्हा डोळे मिटले, आणि या वेळी जास्तच पारखून घेतलं. निवड झाली दानिकाची. चांगली मुलगी आहे, पण तिचा आवाज जोव्हेलिनहून मऊ. वादळानंतरची ती गल्लीही तिने पाहिलेली नाही.

माझ्या गाद्यांचं कातडं सुटलंय, एका बाजूने आवाज तुटतो. लवकरच मला टाकून देतील. त्याचं दुःख नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की फोनवरचं माणूस कधी तुमच्यावर ओरडलं, तर तक्रार करण्याआधी खिडकी उघडा.

आता मला दानिकाच्या कानावर बसायचंय. मिसेस पास्कोचा फोन आलाय. नवी मुलगी मिळाली म्हणून ती खूश आहे. आधीची मुलगी फार उद्धट होती, तू किती गोड आहेस, म्हणतेय. मागे ते हिस्स चालू आहे. दानिका विचारतेय, मॅडम, आणखी काही मदत करू का?

"नको गं," म्हातारी जांभई देत म्हणतेय. "तू नुसती बोलत राहा."