पुलापाशी थांबलेला खलाशी

"थांबायचं नाही. पुढे चल," असं म्हणत मास्तरांनी मुलाच्या बोटांतून खलाशाची सोंगटी काढून घेतली आणि पूल ओलांडून दोन घरं पुढे ठेवली.

"अण्णा, मी पुलापाशी थांबणार होतो," मुलगा म्हणाला. "कंदील माझ्याकडे आहे आणि चिमी अजून मागेच..."

"चिमीचं चिमी बघेल. मेणबत्ती किती उरलीय ते बघ आधी."

मुलाने मान डोलावली. चाळिशी उलटलेला माणूस, पण बापासमोर त्याचा आवाज एक पट्टी खालीच असायचा.

सुट्टीची दुपार होती. मुलगा, सून आणि नात चिमी चार दिवसांसाठी आले होते आणि चिमीने येताना हा खेळ आणला होता. शाळेत असताना सगळ्यांनी वाचलेल्या एका जुन्या कादंबरीवर बेतलेला. चार भावंडं, त्यांत एक खलाशी आणि एक धाकटी बहीण, सुट्टीसाठी चार वाटांनी घरी निघतात, बाहेर बर्फ पडत असतो, आणि खिडकीतली मेणबत्ती विझायच्या आत चौघांनी पोचायचं असतं. यात एकटं कुणी जिंकत नाही. पोचले तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. आपली सोंगटी आपल्या मनाने चालवायची, एवढाच नियम. मास्तरांना खेळ पाच मिनिटांत कळला आणि दहाव्या मिनिटाला ते चौघांच्याही सोंगट्या चालवू लागले.

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि मास्तरांच्या पायाशी जादाचा ब्रेक. शिकणारा चुकायच्या आत त्यांचा पाय पडलेला असायचा. अर्ध्या शहराला त्यांनी रस्त्यावर आणलं, असं ते स्वतःच सांगत. पोटचा मुलगा मात्र गाडी शिकला नाही. आजही सून गाडी चालवायची आणि तो शेजारी बसायचा. "सगळ्या गावाला शिकवलं, घरचं गाढव तेवढं राहिलं," हा मास्तरांचा ठेवणीतला विनोद. पाहुणे आले की तो बाहेर निघायचाच, आणि मुलगाही सगळ्यांबरोबर हसायचा.

आणखी दोन फेऱ्यांत तिघं घरी पोचले. चिमीची सोंगटी, म्हणजे धाकटी, तेवढी पुलाच्या पलीकडे राहिली. कंदिलाशिवाय पूल ओलांडता येत नव्हता आणि कंदील खलाशाबरोबर केव्हाच घरात जाऊन बसला होता. सुनेने मेणबत्तीचा शेवटचा तुकडा पटावरून उचलला.

"हरलो आपण," ती म्हणाली.

"बाबा म्हणत होते ना, पुलापाशी थांबतो म्हणून," चिमी म्हणाली. "आजोबांनी ऐकलंच नाही."

मास्तर काहीतरी बोलणार, तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "नाही गं. मी कुठे काय म्हटलं? माझंच लक्ष नव्हतं."

हे वाक्य मास्तरांनी पूर्वी ऐकलं होतं. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि गाडी शिकत स्टिअरिंगवर बसला होता. मागच्या सीटवर तीन शिकाऊ बसले होते, आणि समोरून एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. मास्तरांनी ब्रेकवर पाय टेकवला तर तो आधीच खाली गेलेला होता. दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले. मुलाने दाबला की मास्तरांचाही खाली जायचा. म्हणजे पोराने म्हातारीला वेळेवर पाहिलं होतं, वेळेवर पाय दिला होता. मास्तरांना ते तळपायाला कळलं होतं. तरी तोंडाला लागलेली सवय, ते ओरडलेच, "लक्ष कुठे असतं तुझं?" मागचे तिघे हसले. "माझंच लक्ष नव्हतं, अण्णा," मुलगा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून स्टिअरिंगवर बसला नाही.

इतकी वर्षं ते गाढवाचा विनोद सांगत आले होते, आणि सांगताना प्रत्येक वेळी त्यांना ठाऊक होतं की चूक पोराची नव्हती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेकडे बघायची त्यांना हिंमत होईना.

"तू म्हणाला होतास," ते पटाकडे बघत म्हणाले. "मला ऐकू आलं होतं." मग म्हणाले, "तेव्हाही तुझं लक्ष होतं. त्या म्हातारीच्या वेळी."

मुलाने एकदम वर पाहिलं. मग तो सोंगट्या गोळा करू लागला. "जाऊ द्या हो, अण्णा. जुन्या गोष्टी."

"पुन्हा खेळू या," चिमी म्हणाली.

या खेपेला मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. सुनेची चाल सरळ सरळ चुकली, तरी ते बोलले नाहीत. चिमीने हातातला एक पत्ता वाया घालवला, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खेळ रेंगाळत चालला होता आणि चिमी खुशीत होती.

मग खलाशी पुलापाशी आला. कंदील त्याच्याकडेच होता आणि धाकटी या वेळीही मागे होती. मुलाने सोंगटीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मास्तरांनी हात मांडीखालीच ठेवले.

मुलाने बराच वेळ वाट पाहिली. मग मान न उचलता त्याने हळूच विचारलं, "अण्णा, कुठे ठेवू?"

टेबलाखाली मास्तरांचा उजवा पाय, ब्रेकवर असावा तसा, फरशीवर घट्ट दाबलेला होता. त्यांनी तो उचलून खुर्चीवर घेतला आणि हाताने धरून ठेवला.