अब्राहामच्या गळ्यातली टेप

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे आणि आधीच कबूल करते, मी खोटं बोलते. फार नाही. अडतीस सेंटिमीटर असतील तिथे सदतीस सांगते. वयानुसार माझं कापड ताणलं गेलं, आकडे एकमेकांपासून लांब सरकले, त्याला मी तरी काय करणार? पण याच खोट्या टेपने एका माणसाचा जीव वाचवला, म्हणून आज तुमच्यासमोर बोलायचं धाडस करते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मेण लावलेल्या पिवळ्या कापडावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळी टोपणं बसवली. तेव्हा मी अगदी कडक आणि खरी होते. फ्रिसलँड नावाच्या सपाट, वाऱ्याच्या प्रांतातल्या एका छोट्या गावात हिस्के नावाच्या मुलीने शिवणकाम शिकायला घेतलं, तेव्हा तिच्या आईने मला आणून तिच्या गळ्यात घातलं. त्या दिवसापासून हिस्केचा गळा हेच माझं घर.

काय दिवस होते ते! गावाच्या बँडचे अडतीस गणवेश आम्ही दोघींनी शिवले. मोठा ढोल वाजवणाऱ्याच्या पोटाभोवती मी जेमतेम पुरले आणि सगळा बँड हसत सुटला. पण संचलनाच्या दिवशी एकाचीही बाही आखूड नव्हती. लोक म्हणाले, "हिस्केचं माप म्हणजे माप!" हिस्केच्या मापात माझाही वाटा होता, हे कोणी बोललं नाही. मी मनात मात्र फुशारले.

हिस्केला एक धाकटा भाऊ आहे, वीब्रेन. सात वर्षांनी लहान, सायकलवेडा आणि पोटऱ्या अशा की गावात त्यावरून थट्टा चालायची. तो सव्वीस वर्षांचा असताना एका दुपारी तिच्याकडे आला आणि म्हणाला, "पँट सैल होतेय गं, जरा आत घे." हिस्केने मला त्याच्या कमरेभोवती धरलं. चौऱ्याऐंशीची कमर अठ्ठ्याहत्तर झाली होती. दोन महिन्यांनी एकाहत्तर. तेव्हा त्याने तिला सांगितलं की त्याला एचआयव्ही आहे. आणखी कोणाला सांगायचं नाही, असं त्याने तिच्याकडून वचन घेतलं.

त्या दिवसांत हिस्के मला मुद्दाम ढिली धरायची. आकडा एक-दोनने मोठा दिसावा म्हणून. मला ते कळत होतं, पण मी गप्प बसले. मग नवी औषधं आली आणि मी बहात्तर मोजलं, पुढे पंचाहत्तर, मग ऐंशी. ऐंशीच्या दिवशी हिस्केने मला दोन्ही हातांत धरलं आणि ती ढसाढसा रडली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं माप तेच. त्या औषधांचे उपकार मी विसरणार नाही. रोजच्या गोळ्यांनी वीब्रेनच्या रक्तातला विषाणू इतका कमी झाला की तपासणीतही सापडेना. त्याच्यापासून आता कोणालाही लागण होणार नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. पण गावाला काही सांगायचं नाही हे त्याने सोडलं नाही. गोळ्याही तो शहरातल्या मोठ्या इस्पितळातून आणायचा, गावच्या औषधाच्या दुकानातून नाही.

मी म्हातारी झाले. एका नवरीचा झगा माझ्यामुळे घट्ट झाला, तेव्हा हिस्केने नवी टेप आणली आणि मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुट्या बटणांशेजारी टाकलं. बारा वर्षं मी त्या अंधारात काढली. रागावले का? थोडीशी. पण घट्ट झगा माझ्यामुळेच झाला होता, हेही खरं.

मग वीब्रेन पन्नाशीला आला. आमच्याकडे पुरुष पन्नास वर्षांचा झाला की त्याच्या अंगणात पेंढा भरलेला एक बाहुला उभा करतात. त्याला त्या माणसासारखेच कपडे घालतात आणि अब्राहाम म्हणतात. येणारे-जाणारे बघतात, हसतात. हिस्केने ठरवलं, आपला अब्राहाम सायकलवाला करायचा, आणि त्याच्या पोटऱ्या अगदी वीब्रेनच्या मापाच्या हव्यात. मोजे विणायचे आहेत असं सांगून सहा आठवडे आधी तिने नव्या टेपने माप घेतलं. दोन्ही पोटऱ्या अडतीस. तेवढाच पेंढा दाबून भरला, वर सायकलची तोकडी विजार चढवली. शेवटी टाय हवा म्हणून डबा उघडला आणि मला बाहुल्याच्या गळ्यात बांधलं. इतक्या वर्षांनी ऊन लागलं, मित्रांनो! टाय तर टाय.

वाढदिवस शनिवारी होता. त्याच्या आधीच्या सोमवारी वीब्रेन दरवर्षीप्रमाणे अकरा गावांची सायकलफेरी करून आला होता, दोनशे पस्तीस किलोमीटर. अंगणात खुर्च्यांचं रिंगण मांडलं होतं. येईल तो प्रत्येकाशी हात मिळवत, "अभिनंदन हं, अभिनंदन" म्हणत बसत होता, आणि प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि केकचा एक तुकडा. वीब्रेन घरातून जरा लंगडत आला आणि बाहुल्याशेजारी फोटोसाठी उभा राहिला.

शेजारचा डुर्क, ज्याची जीभ कधी विसावा घेत नाही, तो ओरडला, "अगं हिस्के, पेंढा संपला काय गं? अब्राहामची पोटरी बघ, आणि याची बघ! डावी तर भोपळ्यासारखी झालीय!"

सगळे हसले. वीब्रेनही हसला. "हार्लिंगेन गावापासून पुढे समोरून वारा होता रे. तू घरात बसून पॅनकेक खात होतास, तुला काय कळणार! मलम लावतोय, उतरेल."

"उतरेल, उतरेल," डुर्क म्हणाला. "मागच्या वर्षी माझाही गुडघा असाच सुजला होता."

आमच्या गावात पाय दुखला की दोष सायकलचा, नाहीतर वाऱ्याचा. तिसरं कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही. पण हिस्के हसत नव्हती. तिने एकदा बाहुल्याचे पाय पाहिले, एकदा भावाचे. मग ती पुढे आली, तिने बाहुल्याच्या गळ्यातून मला ओढून काढलं आणि ती गवतावर गुडघे टेकून बसली.

"ही टेप?" वीब्रेन म्हणाला. "ही तर कधीची सैल पडलीय. हिच्यावर काय विश्वास ठेवतेस?"

"खोटं बोलायचंच असेल तर ती दोन्ही पायांना सारखंच बोलेल," हिस्के म्हणाली. "हलू नकोस."

उजवी पोटरी सदतीस. डावी एकेचाळीस. डाव्या पायाची कातडी गरम आणि ताणलेली होती.

"वाऱ्याने दोन्ही पाय सुजले असते," ती हळूच म्हणाली. "जिना चढताना दम लागतो का रे?"

वीब्रेनने खाली बघितलं. "कालपासून. थोडासा."

हिस्केने कोणाचंही ऐकलं नाही. शनिवार-रविवारच्या डॉक्टरांना फोन केला, मला गळ्यात टाकलं, भावाला गाडीत बसवलं आणि निघाली. केक तसाच राहिला.

दवाखान्यात टेबलाशी नीन्के बसली होती. वीब्रेनच्या शाळेतली, त्याच्याच बाकावरची. तिला पाहून वीब्रेनचा चेहरा पडला.

"अरे, वाढदिवसाचा माणूस! काय झालं?" नीन्के म्हणाली. तिने सगळं लिहून घेतलं, मापंसुद्धा. मग विचारलं, "रोजची काही औषधं?"

"नाहीत," वीब्रेन म्हणाला.

मित्रांनो, तो एवढासा शब्द ऐकून माझे सगळे आकडे गारठले. चोवीस वर्षांपूर्वी दिलेलं वचन हिस्केला मोडायचं नव्हतं. तिने माझं टोक घट्ट मुठीत धरलं.

"पायाचं माप मी सांगितलं, वीब्रेन," ती म्हणाली. "हे तुझं तू सांगायचंस. पण खरं सांग रे."

मग वीब्रेन म्हणाला, "एचआयव्ही आहे मला. रोज गोळी घेतो. चोवीस वर्षं झाली."

नीन्केची बोटं क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली. "बरं. गोळीचं नाव नीट सांग, नाहीतर डॉक्टर मला ओरडतील. आणि खुर्चीत बस, उभा राहू नकोस. मी आत्ताच आत सांगते."

तिथून त्याला लगेच इस्पितळात पाठवलं. तपासणीत डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची मोठी गुठळी दिसली आणि तिचा एक बारीक तुकडा फुप्फुसात पोचलेला दिसला. तिथली डॉक्टर समजावून सांगताना घाई करत नव्हती. ती म्हणाली, "विषाणू झोपलेला असला तरी तुमचं शरीर त्याच्यावर सतत पहारा ठेवतं. आत कुठेतरी बारीक दाह चालूच राहतो. त्यामुळे इतरांपेक्षा तुमचं रक्त गोठण्याचा धोका जास्त. लांबची फेरी, पाणी कमी प्यायलात, मग चार दिवस पाय वर करून पडलात, त्याची भर पडली असेल."

"म्हणजे सायकल सोडायची?" वीब्रेनने विचारलं. त्याला पहिली काळजी ती!

"सोडायची नाही. पण पाय सुजला तर वाऱ्याला दोष देत बसायचं नाही. आणि तुम्ही गोळीचं सांगितलंत ते फार बरं झालं. रक्त पातळ करायला मी जे नेहमी देते, ते तुमच्या गोळीबरोबर अंगात साठत गेलं असतं आणि भलताच रक्तस्राव झाला असता. आता दुसरं देते."

हिस्केने त्या दुसऱ्या औषधाचं नाव कागदावर लिहून घेतलं.

वीब्रेन घरी आला तो मंगळवारी. अंगणात अब्राहाम अजून उभा होता आणि खुर्च्यांचं रिंगणही. डुर्कने कोणालाच खुर्च्या उचलू दिल्या नव्हत्या. "केक अर्धा राहिलाय, वाढदिवस कसा संपेल?" असं तो सगळ्यांना सांगत होता. वीब्रेन बसला, कॉफी घेतली, आणि कोणी न विचारता त्याने सगळं सांगून टाकलं. गुठळीचंही आणि एचआयव्हीचंही.

डुर्क चक्क गप्प झाला. गावाने हे पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू मला सायकलवर हरवायचास, ते गोळ्या खाऊन? ही तर सरळसरळ लबाडी आहे!" आणि उठून त्याने वीब्रेनला अशी मिठी मारली की कॉफी दोघांच्या अंगावर सांडली.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी पुन्हा डब्यात गेले नाही. वीब्रेनने मला मागून घेतलं. हिस्के त्याला नवी टेप देत होती, ती त्याने घेतली नाही. आता मी त्याच्या संडासात, आमच्याकडे तिथेच टांगतात त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला लटकते. जागा काही मानाची नाही, पण घरातला प्रत्येक माणूस तिथे येतोच, आणि वीब्रेन पाहुण्यांना माझी गोष्ट सांगतो.

माझी एवढीच विनंती आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा विचारा, हिच्याकडून अजून काय होईल? एक पाय सुजला, दम लागला, तर हसण्यावारी नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर सगळं सांगा. तुमच्या ओळखीत कोणाला असं काही सांगायचं असेल, तर त्याने निर्धास्त सांगावं, असे त्याचे शेजारी व्हा.

दर रविवारी सकाळी वीब्रेन मला खिळ्यावरून काढतो, शेजारच्या न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर पाय ठेवतो आणि मोठ्याने वाचतो, "उजवी सदतीस. डावी सदतीस." खरं तर अडतीस आहेत. ते त्यालाही ठाऊक आहे. तो हसतो, मला नीट गुंडाळतो आणि सायकल काढायला जातो.